सुजाण कोणाला म्हणायचं?

(शाळेच्या स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेलं भाषण. बोलताना जे राहून गेलं ते लिहिताना घातलं आहे.)

 १९९७च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांचा फोन आला आणि त्यांनी विषय सांगितला, ‘सुजाण माणूस म्हणजे कोण’. मी विचारलं, मलाच का? तर उत्तर आलं, “तू इंजिनिअर आहेस, पुण्यात असतेस, नीट बोलशील.” इंजिनिअर असणं आणि पुण्यात असणं, या दोन्हींचा सुजाणपणाशी फारसा संबंध नाही, हे मला स्वतःच्या घरात कळलंय. तेच आज सांगणार आहे. इतक्या वर्षांनी भेटतोय आपण, तेव्हा खोटं कशाला बोलायचं?

आधी शब्दाबद्दल थोडं. मराठीत ‘हुशार’ म्हटलं की कौतुक असतं, पण ‘शहाणा’ म्हटलं की सावध व्हावं लागतं. “फार शहाणी आहेस” हे आपल्या वर्गात मी किती वेळा ऐकलंय ते इथल्या काही जणांना चांगलं आठवत असेल. मग दीडशहाणा आहे, अतिशहाणा आहे. म्हणजे आपल्या भाषेला पहिल्यापासून शंका आहे की डोक्यात माहिती भरली म्हणजे माणूस शहाणा होतोच असं नाही. ‘प्रबुद्ध’ हा शब्द मोठा आहे. बाबासाहेबांनी १९५६ साली आपल्या ‘जनता’ पत्राचं नाव बदलून ‘प्रबुद्ध भारत’ केलं. त्या शब्दात मुळात जागं होणं आहे. जागं होणं म्हणजे त्याआधी आपण झोपलेले होतो, हे कबूल करणं आलंच.

शाळेत आपल्याला एक गोष्ट पाठ होती. आपला जिल्हा म्हणजे रत्नांची खाण! टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, गोखले कोतळूकचे. महर्षी कर्वे, पां. वा. काणे आणि मूळ गाव आंबडवे असलेले डॉ. आंबेडकर, असे तीन भारतरत्न या एका जिल्ह्याचे. शाळेत येताजाता पतितपावन मंदिर लागायचं. भागोजीशेठ कीरांनी पदरच्या पैशाने बांधलेलं, १९३१ साली सगळ्या जातींसाठी उघडलेलं. आपण त्याच्या पायऱ्यांवर चिंचा खात बसायचो आणि ‘पतितपावन’चा अर्थ परीक्षेपुरता लिहायचो.

कर्व्यांचा धडा मात्र सगळ्यांना आठवत असेल. मुरूडचा मुलगा सहावीच्या परीक्षेसाठी पावसापाण्यात, सह्याद्री चढून, शंभराहून जास्त मैल चालत साताऱ्याला गेला आणि तिथे परीक्षकांनी वय लहान दिसतं म्हणून त्याला परत पाठवलं. बाईंनी हा धडा शिकवला तेव्हा मला अतिशय वाईट वाटलं होतं. पण तात्पर्य म्हणून मी काय लिहिलं असेल? ‘शिक्षणासाठी कष्ट घ्यावेत.’ पैकीच्या पैकी मार्क.

पुढे योगायोग बघा. बारावीनंतर मला प्रवेश मिळाला तो पुण्याच्या कमिन्स कॉलेजमध्ये. मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज, १९९१ साली सुरू झालेलं आणि महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचं. म्हणजे कर्व्यांनी १९०० साली ज्या हिंगण्याच्या माळावर झोपडी बांधून विधवा मुलींचा आश्रम नेला, त्या माळावर मी चार वर्षं शिकले. त्यांची झोपडी तिथे जपून ठेवलेली आहे. चार वर्षांत मी एकदाही आत गेले नाही. सबमिशन, कॅन्टीन, कॅम्पस इंटरव्ह्यू. वेळ कुठे होता?

आता मुद्द्यावर येते.

बाबा २०१८ साली गेले. आई रत्नागिरीच्या घरीच राहते, थंडीत दोन महिने माझ्याकडे पुण्याला येते. जानेवारी २०२० मध्ये ती आली असताना मी घरी संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. आमच्या सोसायटीतल्या बायका आणि ऑफिसमधल्या काही जणी. दोन दिवस आई तीळ भाजत होती, गुळाचा पाक करत होती. सगळे लाडू तिने वळले. वाणाच्या डब्यांना रिबिनी बांधल्या, तबकात अत्तरदाणी आणि गुलाबदाणी मांडून दिली. संध्याकाळी सहाला पहिली बेल वाजली आणि आई कुणाला काही न बोलता आतल्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं. साडेआठला सगळ्या गेल्यावर बाहेर आली आणि भांडी आवरायला लागली.

मी पाहिलं होतं हो. मला दिसलं नाही असं अजिबात नाही. मी हातात कुयरी घेऊन उभी होते आणि मला ते लोटलेलं दार दिसत होतं. माझ्या मुलीला तेव्हा आठवं वर्ष होतं. ती सगळ्यांसमोर म्हणाली, “आजी कुठेय? लाडू तर तिनेच केलेत.” मी म्हणाले, “आजीला बरं नाहीये.”

एवढंच घडलं. कोणी भांडलं नाही, कोणी टोमणा मारला नाही. सोसायटीतल्या एकीनेही विचारलं नाही, आणि तिथे आलेल्यांपैकी निम्म्या तरी पोस्ट ग्रॅज्युएट होत्या.

आमच्या धंद्यात ‘लेगसी कोड’ म्हणून एक प्रकार असतो. वीस-वीस वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलेला. तो का लिहिला, कशासाठी लिहिला, कुणालाच माहीत नसतं. पण सगळं चालू आहे ना, मग हात लावू नका, असा सल्ला नव्या माणसाला पहिल्या दिवशी मिळतो. मी ऑफिसात या वृत्तीवर तावातावाने बोलणारी बाई. जुना कोड उघडा, वाचा, त्याने कुणाचं काय बिघडतंय ते बघा, असं पोरांना सांगणारी. घरात मात्र मी त्याला हात लावला नाही.

मग मे २०२२ उजाडला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं, जोडवी काढायची हे आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. बातमी आपल्या बॅचच्या ग्रुपवर मीच टाकली होती, टाळ्या वाजवणाऱ्या हातांसकट. पुष्कळ जणांनी अंगठे दाखवले. तोवर माझ्या घरातल्या त्या दाराला सव्वादोन वर्षं झाली होती आणि मला त्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघायचंही सुचलं नाही.

सुचलं ते मुलीला. शाळेने प्रकल्प दिला होता, समाजसुधारक. आम्हाला कर्वे आले. मी म्हटलं, चल, यांची झोपडी माझ्या कॉलेजच्या आवारात आहे. अशा रीतीने इंजिनिअर झाल्यावर जवळजवळ वीस वर्षांनी मी त्या झोपडीसमोर उभी राहिले. नंतर पुस्तकं आणली आणि दोघींनी मिळून वाचली. वाचता वाचता ती थांबली आणि म्हणाली, “म्हणजे त्या दिवशी आजीला बरं नव्हतं, ते यामुळे?”

सर, तेव्हा मला तुमची आठवण आली. नववीत तुम्ही फळ्यावर भूमितीचा एक रायडर सोडवत होतात. मागच्या बाकावरून एक मुलगा, तो आज इथे आहे, म्हणाला, “सर, तिसरी पायरी चुकली.” सगळा वर्ग गप्प. तुम्ही दोन मिनिटं फळ्याकडे बघितलंत, “चुकलो” म्हणालात, डस्टरने सगळं पुसलंत आणि खडू त्याच्या हातात दिलात. आम्हाला तेव्हा गंमत वाटली. पण आपल्या पोटच्या मुलीसमोर “चुकले” हा शब्द उच्चारायला किती जोर लागतो ते मला त्या दिवशी कळलं. तुम्ही तर तो पन्नास मुलांसमोर उच्चारला होतात.

कर्व्यांविषयी जे धड्यात नव्हतं आणि मला महत्त्वाचं वाटलं, ते थोडं सांगते. ते गणिताचे प्राध्यापक. गोखल्यांच्या बोलावण्यावरून १८९१ साली फर्ग्युसन कॉलेजात आले. त्याच साली त्यांची पहिली पत्नी राधाबाई वारली. पस्तिशीच्या विधुराने दहाबारा वर्षांची मुलगी करायची, ही तेव्हाची रीत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. कर्व्यांनी ठरवलं की लग्न केलं तर विधवेशीच करायचं. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. त्या आपल्या देवरुखच्या जोश्यांच्या. लहानपणी लग्न होऊन लहानपणीच विधवा झालेल्या, पुढे पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या. लग्नानंतर दोघं मुरूडला आली तर गावाने सभा भरवून बहिष्कार घातला. घरच्यांनी यांना थारा दिला तर तेही वाळीत. आणि गंमत अशी की याच गावाच्या भल्यासाठी कर्व्यांनी त्याआधी पैपैसा गोळा करून ‘मुरूड फंड’ उभा केला होता!

इथपर्यंत कुणालाही त्यांच्यापुढे हात जोडावेसे वाटतात. पण पुढचं वाचताना मी अडखळले. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला तेव्हा त्यांनी तो पुनर्विवाहाच्या चळवळीपासून लांब ठेवला. ज्याने स्वतः पुनर्विवाह केला, त्याने! कारण लोक बिथरले असते, मुली पाठवल्या नसत्या, देणग्या मिळाल्या नसत्या. सुरुवातीला आश्रम ब्राह्मण विधवांपुरताच होता. शिवाय ते संस्थेच्या मागे धावत असताना घरचा संसार कुणी ओढला, हे गोदूबाईंच्या, म्हणजे बाया कर्व्यांच्या ‘माझे पुराण’मध्ये वाचावं. त्यांनी सुईणीचं काम शिकून घेतलं आणि घराला हातभार लावला. त्यांचं पुस्तक वाचलं की महर्षींकडे मान वर करून बघायचं आपोआप कमी होतं, आणि ते बरंच आहे.

तरीही मी त्यांना सुजाण म्हणते, ते ते बरोबर होते म्हणून नाही. जपानच्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका त्यांना कुणीतरी पाठवली होती, ती त्यांनी आधी बाजूलाच ठेवली. पुढे पुन्हा हातात घेतली, वाचली आणि १९१६ साली महिला विद्यापीठ उभं केलं. एकाच जातीच्या विधवांपासून सुरुवात केलेल्या या माणसाने १९४४ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी समता संघ स्थापन केला, जातिभेदाविरुद्ध. शहाऐंशी! त्या वयात आपण काय करतो? आमच्या वेळी असं नव्हतं म्हणतो. मला तर चाळिशीतच तसं म्हणायची सवय लागली आहे. त्यांना एकशे चार वर्षांचं आयुष्य मिळालं आणि ते आपलीच आखलेली रेघ पुसून थोडी बाहेर काढत राहिले.

हे सगळं वाचल्यावर मला अर्थातच जोर चढला. जानेवारी २०२३. पुन्हा हळदीकुंकू, आई आलेली. बावीस बायका जमल्या. मी उभी राहिले, हेरवाडबद्दल बोलले, कर्व्यांबद्दल बोलले, चांगलं बोलले. मग म्हणाले, “आई, बाहेर ये. आज पहिलं कुंकू तुला.” टाळ्या झाल्या. तीनचार जणींनी मोबाइल वर धरले. आई आली. मी कुंकू लावलं. ती हसलीही. मग आत गेली आणि बेसिनचा नळ सुरू झालेला मी ऐकला.

रात्री सगळं आवरल्यावर ती म्हणाली, “मागे मी आत गेले, तेव्हा तू मला काही विचारलं नाहीस. आज बाहेर बोलावलंस, तेव्हाही विचारलं नाहीस.”

मित्रमैत्रिणींनो, मला बारा-बारा तास मीटिंगा करायची सवय आहे. मोठ्या साहेबांना तोंडावर उत्तर देते. त्या वाक्यावर मला काही बोलता आलं नाही. २०२०मध्ये मी लोकांसाठी तिला आत राहू दिलं होतं आणि २०२३मध्ये लोकांसाठीच बाहेर आणलं होतं. दोन्ही वेळी मी माझ्या पाहुण्यांकडे बघत होते.

बाया कर्व्यांची एक बहीण होती, पार्वतीबाई आठवले. याही देवरुखच्या, याही विधवा. पंचविशी उलटून गेल्यावर अक्षरं गिरवायला बसल्या आणि हिंगण्याच्या आश्रमाचा आधार झाल्या. बहिणीने पुनर्विवाह केला, यांनी केला नाही. त्यांनी वर्षानुवर्षं केशवपन चालू ठेवलं आणि मग १९१२ साली, आपल्या मनाने, ते थांबवलं. पुढे चाळिशी उलटून गेल्यावर तुटपुंज्या इंग्रजीवर अमेरिकेला गेल्या आणि तिथे घरकाम करून राहिल्या. सुधारकांच्या संस्थेतच राहणारी ही बाई, तरी केस कधी वाढवायचे ते तिचं तिने ठरवलं. आईचं वाक्य ऐकल्यावर मला पार्वतीबाईंचं ते पान पुन्हा काढून वाचावंसं वाटलं.

त्यानंतर आईने जाहीर केलं की रथसप्तमी होईपर्यंत मी पुण्याला येणार नाही. म्हणून २०२४च्या संक्रांतीला मीच कोकण रेल्वेने इथे आले.

आमच्या शेजारी एक काकू राहतात. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. चौथी शिकल्या. काका एसटीत कंडक्टर होते. काकू उन्हाळ्यात आंबापोळी आणि फणसपोळी करून विकतात. आपल्यातल्या पुष्कळांनी ती खाल्लेली आहे. त्या दुपारी आई मागच्या पडवीत विळीवर नारळ खवत होती आणि मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. काकू परसातून आल्या. हातात एक ताटली, त्यात करंडा आणि चार लाडू. बरोबर कुणी नाही. बसल्या. पाणी प्यायल्या. आंब्याला मोहर यंदा कमी धरलाय, असं पाच मिनिटं बोलणं झालं. मग म्हणाल्या,

“वैनी, संध्याकाळी माझ्याकडे हळदीकुंकू आहे. आता विचारायला आल्ये. लावू काय? नको असेल तर नको हो, लाडू खा.”

आई खवायची थांबली. बराच वेळ काही बोलली नाही. काकूही बोलल्या नाहीत. मला मध्ये काहीतरी बोलावंसं फार वाटत होतं, पण एकदाची अक्कल आली होती, गप्प बसले. मग आईने पदराला हात पुसले आणि म्हणाली, “हळद लाव. कुंकू राहू दे.”

“बरं,” काकू म्हणाल्या आणि हळद लावली.

संध्याकाळी आई त्यांच्याकडे गेली. दाराजवळच्या खुर्चीत बसली. येणाऱ्या बायकांना तिळगूळ द्यायचं काम तिने आपणहून घेतलं. दोघीतिघींनी एकमेकींकडे बघितलं, ते मला दिसलं. काकूंनाही दिसलं असणार. त्यांनी आईच्या हातात लाडवांचं दुसरं भरलेलं ताट दिलं आणि आत चहा टाकायला गेल्या.

मी काकूंना नंतर विचारलं, तुम्हाला हे सुचलं कसं? हेरवाडचं वाचलंत का? त्या म्हणाल्या, “कुठलं गाव?” मग म्हणाल्या की बाबा गेल्यापासून संक्रांतीला आई इथे असली की संध्याकाळी दिवा लावून लवकर दार लावून घेते, ते त्यांना त्यांच्या ओट्यावरून दिसायचं. त्या त्या संक्रांतीला त्यांनी ते बघितलं. “पहिल्याच वर्षी विचारायला हवं होतं,” म्हणाल्या. “धीर झाला नाही. चुकलंच माझं.”

आई आज इथे येणार होती, पण सभागृहातल्या खुर्च्यांनी पाठ धरते म्हणून आली नाही. येत्या संक्रांतीला कुंकवाचं काय करायचं ते तिने अजून सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. काल रात्री काकूंशी तिचं बोलणं चाललं होतं, ते आतून ऐकू येत होतं. यंदा लाडू कुणी करायचे यावरून. गेल्या वर्षी काकूंचा पाक कच्चा राहिला होता असं आईचं म्हणणं आहे, आणि काकूंना ते मान्य नाही.